झडतीतून वगळलेला माणूस

माझ्या पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या डेकमध्ये एक निळा पेनड्राईव्ह कायमचा खुपसलेला असतो. तो चालू केला की आधी खरखर ऐकू येते, मग डफड्यावर दोन थापा पडतात, कुणीतरी खोकतं, आणि मग एक आवाज विचारतो, "चालू झालं का बे?" हा आवाज माझा आहे. उभी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 'बे म्हणू नये, अहो म्हणावं' असं पोरांच्या कानीकपाळी ओरडत काढली, आणि आता आमच्या भागातल्या निम्म्या ट्रॅक्टरांवर मी दर हंगामात 'बे' म्हणतो. कर्म माझं, दुसरं काय!

तसं पाहिलं तर त्या रेकॉर्डिंगमध्ये धड काहीच नाही. डफडं माझ्या पुढं धावतं, मी त्याच्यामागं धावतो, मधेच कुणाला तरी हसू फुटतं आणि ते कापायचं राहून गेलंय. तरीही मला विचाराल, तर माझ्या हातून झालेलं एवढं एकच काम मला मनापासून आवडतं. ते का केलं, आणि करताना मी केवढी मोठी चूक केली, तेच सांगतो.

आमचं गाव जानेफळपासून थोडं आत. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी गावाबाहेरच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींची तुकबंदी. ती मोठ्यानं म्हणायची असते आणि कुणाला तरी झोंबली पाहिजे, ही तिची एकच अट. ओळी संपल्या की सगळ्यांनी महादेवाच्या नावानं गजर करायचा, म्हणजे ज्याला झोंबली त्याच्या शिव्या त्यात बुडून जातात. पूर्वजांनी फार विचार करून ठेवलेला दिसतो.

आमच्या गावात यावर आणखी दोन रीती आहेत. एक अशी, की ज्याच्यावर झडती झाली त्यानं पुढं येऊन म्हणणाऱ्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. राग आला असला तरी घालायचा. म्हणून पोळ्याला जाताना प्रत्येक माणूस खिशात कागदात बांधलेला गूळ नेतो. आणि दुसरी रीत अशी, की गेलेल्या माणसावर झडती करायची नाही. ज्याच्यावर वर्षानुवर्षं झडत्या झाल्या, त्याचं नाव एखाद्या पोळ्याला आलं नाही, की बाहेरगावाहून आलेल्याला कळतं की तो गेला. हे कुठं लिहिलेलं नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

झडत्या लिहायचो मी, आणि म्हणायचा आमचा नालबंद. बैलांच्या खुरांना नाल ठोकण्याचं काम या मुसलमान घराण्यात कितीतरी पिढ्यांपासून. बैलाला दोरानं आडवं पाडायचं, चारी पाय बांधायचे आणि तो फुत्कारत असताना त्याच्याशी गोड बोलत बोलत खिळे मारायचे. वयानं तो माझ्याच बरोबरीचा, पण सगळं गाव त्याला चाचा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. 'म्या गावात हाक मारली तर जानेफळची एसटी थांबते,' ही त्याची बढाई होती, आणि आवाज ऐकलेला माणूस त्यावर वाद घालत नसे. मास्तरच्या तोंडी टवाळी शोभत नाही, असं मी स्वतःच ठरवलेलं. त्यामुळे दोन दिवस आधी मी चिठ्ठ्या त्याच्या हातात द्यायचो आणि पोळ्याच्या दिवशी शहाजोगासारखा मागं उभा राहायचो. तीस वर्षं असंच चाललं. कुणी माझ्यावर शंका घेतली, की चाचा माझ्यावरच एक झडती म्हणून टाकायचा. लग्नपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका मी लाल पेनानं काढतो, हा त्याचा माझ्याविरुद्धचा कायमचा माल होता. काढतो मी चुका. 'आशीर्वाद' चुकीचा लिहिला तर तो लागतो कसा?

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात चाचाचा आवाज बसला. सोयाबीनच्या मळणीची धूळ लागली असेल, असं वाटलं. मध झाला, काढा झाला, दर्ग्याचा धागा झाला. मेहकरच्या डॉक्टरनं अकोल्याला पाठवलं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गळ्यात गाठ आहे, ती वाईट आहे, ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल. आवाज किती राहील ते मात्र आज सांगता येणार नाही.

खर्च त्याच्या आवाक्यातला नव्हता. बैल कमी झाले, नाल ठोकणं कमी झालं. गावानं वर्गणीचं ताट फिरवायचं ठरवलं, तेव्हा तो स्वतः पारावर आला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "माह्यासाठी ताट नका फिरवू. जनमभर लोकाईच्या बैलाले नाल ठोकली, पण कोणापुढं हात नाही पसरला."

तेव्हा माझा पुतण्या बोलला. पुतण्या शेतकरी, ट्रॅक्टरवाला, अभ्यासात ढ आणि बाकी सगळ्यात हुशार. "काका, आपल्या झडत्या रेकॉर्ड करू. पेनड्राईव्हमधी भरू. लोक इकत घेतीन. त्याच्यात भीक कुठी हाये?"

चाचानं थोडा विचार केला. "इकत असंन तर चालते," तो म्हणाला आणि घरी गेला.

आता चाचाचा आवाज नाही म्हटल्यावर झडत्या म्हणणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं; चिठ्ठ्या कुणाच्या, हे गावाला कधीचंच ठाऊक होतं. तीस वर्षं मागं उभं राहण्याचं पाप एका क्षणात फिटलं.

लिहायला बसलो तेव्हा एक गंमत झाली. एरवी पोळ्याच्या आठवडाभर आधी लोक मला चुकवायचे, या वेळी ओट्यावर येऊन बसायला लागले. "गुरुजी, माह्यावर एक टाका ना." ज्याच्यावर कधी झडती करायची हिंमत झाली नव्हती तो पोलीस पाटील स्वतः आला आणि आपल्या घोरण्याची माहिती देऊन गेला. किराणावाल्यावर मी दोनच ओळी केल्या होत्या:

"शेठजीच्या काट्याची लय न्यारी रीत,
साखरेसंगं अंगठाही जाते पावशेरीत!"

तर तो रुसला. शेजारच्या पिठगिरणीवाल्याला चार ओळी आणि त्याला दोनच का? मी म्हणालो, "शेठ, या ओळीत तुम्ही चोर ठरता." तो म्हणाला, "ठरू द्या ना. चाचासाठी हाये."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नुसती वर्गणी देणारा माणूस खिशातलं देतो आणि निघून जातो. हे लोक आपली अब्रू घेऊन आले होते. हसा माझ्यावर, पण त्याचा गळा नीट होऊ द्या. आणि घेणाऱ्यालाही यात मान खाली घालावी लागत नाही, कारण हसण्यात उपकार कुणाचा कुणावर, हे कळतच नाही. मोठे गवई एखाद्या चांगल्या कामासाठी गातात ते थोरच. पण ज्यांना गाता येत नाही त्यांनी त्याच कामासाठी स्वतःचं हसं करून घ्यावं, हे मला जास्त जवळचं वाटतं.

जीपनं आम्ही मेहकरला गेलो. मी, पुतण्या आणि आमचा म्हातारा डफडंवाला. तिथं एकाचं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. भाजीच्या गाडीवरची आरोळी, निवडणुकीच्या रिक्षावरची घोषणा, हरवलेल्या म्हशीची वर्दी, असलं सगळं तो भरून देतो. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. म्हणे आवाज घुमत नाही. पोळ्याच्या झडत्या आहेत म्हटल्यावर त्याला उत्साह आला आणि त्यानं कॉम्प्युटरमधून बैलाचा आवाज काढून ऐकवला. डफडंवाल्यानं मान हलवली. "हे गाय होय. अन् तेही आपल्याकडची नाही." दुकानदारानं दुसरा आवाज काढला. "हे म्हैस." शेवटी आम्ही पिशवीतून नेलेली घुंगरमाळच त्याच्या माईकपुढं हलवली. मी घसा साफ केला, चष्मा पुसला आणि विचारलं, चालू झालं का बे. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

अकरा झडत्या झाल्या. दुकानदारानं पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्यानं ट्रॅक्टर थेट चाचाच्या दारात नेला. सगळ्यात आधी चाचाला ऐकवायचं, हे ठरलेलंच होतं. तो ओसरीत खाटेवर बसला होता, गळ्याभोवती दस्ती, म्हणजे रुमाल, गुंडाळलेला. आजूबाजूची दहा-वीस माणसं जमली. डेक चालू झाला. चाचा पहिल्यापासून खूष. किराणावाल्याच्या अंगठ्याला त्यानं मांडीवर थाप मारली. माझ्या लाल पेनाला तर माझ्याकडं बोट दाखवून डोळे मिटले. अकरावी झडती संपली, घुंगरं वाजली, खरखर झाली आणि डेक बंद पडला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"हाव," पुतण्या म्हणाला.

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा मात्र तो हसत नव्हता. एखादं हरवलेलं जनावर कळपात शोधावं तसा तो एकेक ओळ ऐकत होता. संपल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, मले काऊन सोडलं?"

मी म्हणालो, "चाचा, तुम्ही बिमार... अन् हे तुमच्याचसाठी..."

"शेठ आला, पोलीस पाटील आला, तुम्ही सोता आले. पुरं गाव आलं. गावात झडतीत कोण येत नाही, गुरुजी?"

मला उत्तर माहीत होतं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मले मातीत घालून मोकळे झाले तुम्ही," तो म्हणाला. "मंग ऑपरेशन कायले? मेलेल्या माणसाचा गळा कापून काय भेटन?" आणि तो उठून आत गेला. संध्याकाळी त्यानं निरोप पाठवला की अकोल्याला जायचं नाही. ऑपरेशनची तारीख आठ दिवसांवर होती.

त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात वाटली नाही. ही चूक नकळत झालेली नव्हती. लिहिताना त्याचं नाव तीनदा माझ्या मनात आलं होतं आणि तीनदा मी ते बाजूला सारलं होतं. आजारी माणसाची काय टवाळी करायची? हे मला माणुसकीचं वाटलं. एखाद्याची दया आली की आपण आधी त्याची चेष्टा करणं थांबवतो, मग त्याच्याशी भांडणं थांबवतो, मग त्याच्यासमोर हळू आवाजात बोलायला लागतो. त्याला मात्र दिसत असतं की आपल्याला हळूहळू खांद्यावर घेऊन राह्यले.

दुसऱ्या दिवशी एक झडती लिहून गेलो. त्याचे कष्ट, त्याचं इमान, गावावरचे त्याचे उपकार. त्यानं ऐकली आणि म्हणाला, "हे झडती नाही गुरुजी, हे श्रद्धांजली होय. वर माहा फोटो लावा अन् खाली 'शोकाकुल' लिहा."

परत आलो. तिसऱ्या दिवशी दुसरी नेली. 'बैल मले पाहून सोताच पाय उचलते' अशी बढाई तो जानेफळच्या बाजारात मारत असताना बैलानं खरंच पाय उचलला आणि चाचा नालीत पडला, त्याची ती होती. तो थोडा हसला. "हे जुनं झालं. आताचं सांगा."

"आताचं काय, चाचा?"

त्यानं गळ्यावरची दस्ती बाजूला केली आणि गाठीवर बोट ठेवलं. "हे."

मला ते होईना. वही मांडीवर घेऊन मी तिथंच ओसरीत बसलो. आत चुलीपुढं चाची भाकरी थापत होती. दोन दिवस ती आम्हा दोघांशीही बोलली नव्हती. त्याच्याशी तो जात नाही म्हणून, आणि माझ्याशी माझ्यामुळे जात नाही म्हणून. तिची चूक नव्हती. तिला नवरा जिता पाहिजे होता आणि दोन म्हातारे ओसरीत तुकबंदी करत बसले होते. मी तिच्याकडं न पाहता दोन ओळी वाचल्या:

"चाचाचा घसा बसला, गाव झालं शांत,
चाची म्हणे, चाळीस सालानं बसली मी निवांत!"

चाचाची भुवई वर गेली. "पुढं?"

"डाक्टर म्हणे, गळा कापू, आवाज होईन कमी..." मी थांबलो. चौथी ओळ काही केल्या येईना. गळा कापण्याच्या पुढं हसण्यासारखं काय असतं? मी पेन चावत बसलो. आतला थापण्याचा आवाज चालू होता. आणि तो न थांबवता, मान वर न करता चाची म्हणाली, "लिहा गुरुजी. चाची म्हणे, पुरा काढा हो, पैशाची मी हमी!"

थापण्याचा आवाज थांबला. आपण काय बोललो हे बहुधा तिला तेव्हाच कळलं. चाचा दारातून तिच्याकडं पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आवाज तर निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि एका हातानं तो खाट बडवत होता. मलाही हसू फुटलं. चाचीनं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. ती हसत होती की रडत होती हे मी सांगू शकत नाही, बहुतेक दोन्ही.

चाचा उठला, फळीवरच्या डब्यातून गुळाचा खडा काढला आणि माझ्याकडं आला. मी म्हणालो, "मले नाही. झोंबली ते ओळ त्यायची होय." तो वळला, चुलीपर्यंत गेला आणि माझ्यासमोर, दिवसाढवळ्या, त्यानं आपल्या बायकोच्या तोंडात गूळ घातला. चाची केवढी लाजली! "सरा तिकडं," ती म्हणाली, "भाकर जळून राह्यली."

भाकरी खरोखरच जळली होती. चाचा तीच खायला बसला आणि पहिला घास घेताना म्हणाला, "अकोल्याची थैली भरून ठेव."

बारावी झडती भरायला तो आमच्याबरोबर मेहकरला आला. तीन ओळी मी म्हटल्या. चौथी त्यानं म्हटली, चाचीच्या ढंगात, कमरेवर हात ठेवून, जणू माईकला दिसतच होतं. आवाज फाटका होता, पण त्याचाच होता. दुकानदारानं 'पुन्हा एकदा घेऊ का' विचारलं. चाचा नको म्हणाला. त्याच्या जुन्या आवाजातली ती शेवटची ओळ आहे.

मग पेनड्राईव्ह निघाले. जानेफळच्या बाजारात गेले, चिखलीला सोयाबीन घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी तिथल्या मार्केटात पोचवले. ज्याच्याकडं डेक नाही त्यानंही घेतला. एका आजीनं तर घेऊन पदराच्या गाठीत बांधला आणि विचारलं, हे खायचं का लावायचं? किती जमले ते मी सांगत नाही. पुरले, एवढं सांगतो. ज्या ट्रॅक्टरांनी बैल घालवले आणि चाचाचा धंदा बसवला, त्याच ट्रॅक्टरांवर त्याच्या गळ्यासाठी झडत्या वाजत गेल्या. हे मी एकदा त्याला बोलून दाखवलं, तर म्हणाला, "मंग काय झालं? त्यायले पाय असते तर नालही ठोकली असती."

ऑपरेशन झालं. माणूस वाचला. आवाजाचं म्हणाल तर कुजबुज राहिली. कान जवळ नेला तर सगळं ऐकू येतं, हातभर दूर गेलं तर नुसती हवा. पोळ्याला तो नेमानं येतो, गूळ आणतो, त्याच्यावर दरवर्षी झडती होते, आणि तो म्हणणाऱ्या पोराच्या तोंडात खडा घालतो. म्हणणारे आता पुतण्याच्या वयाचे. लिहितातही तेच. चाचानं मात्र ऑपरेशननंतर एकदाही झडती म्हटली नव्हती.

ही यंदापर्यंतची गोष्ट झाली.

यंदा उन्हाळ्यात माझ्या छातीत कळ आली. छाती उघडावी लागली. महिनाभरानं घरी आलो आणि घरचे, गावचे सगळे फार चांगले वागायला लागले. इतके चांगले की मला बरं वाटेना. पुतण्या माझ्याशी जन्मात कधी वाद न घालता राहिला नाही, तो आता प्रत्येक गोष्टीला "हाव काका" म्हणू लागला. एका घरून लग्नपत्रिका आली, त्यात 'शुभविवाह' चुकलेला होता. मी लाल पेनानं चूक काढली, तर यजमान हात जोडून म्हणाले, बरोबर आहे गुरुजी. भांडायला हवा होता तो माणूस!

पोळ्याला काठी टेकत गेलो. मैदानात मला खुर्ची दिली. खिशात गूळ होता. झडत्या सुरू झाल्या. सरपंचावर झाली, पुतण्यावर झाली, चाचावर झाली, नव्या तलाठ्यावर दोन झाल्या. मी प्रत्येक वेळी हसलो, टाळ्या वाजवल्या, आणि पुढची माझ्यावर असेल म्हणून खिशातला कागद चाचपत राहिलो. शेवटचा गजर झाला. डफडं वाजायला लागलं. तोरणाकडं माणसं सरकली.

माझ्यावर झडती झाली नव्हती.

मला भीती वाटली, स्पष्टच सांगतो. ऑपरेशनच्या टेबलावर वाटली नव्हती तेवढी वाटली. पुतण्या दोन पावलांवर होता. त्यानंच यादी केली असणार, आणि काकाला दगदग नको म्हणून, अगदी प्रेमानं, माझं नाव बाजूला सारलं असणार. मी तरी त्याला काय बोलणार? चाचानं विचारलं होतं, मला विचारता येईना. मास्तरकी आडवी आली. मी खुर्चीत बसून बैलांची शिंगं पाहत राहिलो.

तेवढ्यात चाचा रांगेतून पुढं आला आणि त्यानं हात वर केला. कुणाला कळेना त्याला काय पाहिजे. त्यानं डफडंवाल्याच्या हातावर हात ठेवला. डफडं थांबलं. मैदानात शेकडो माणसं आणि बैल, आणि फक्त घुंगरं किणकिणत होती. पोळ्याचं मैदान इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. ऐकू यावं म्हणून पुढचे लोक वाकले. आणि त्या कुजबुजीत चाचा म्हणाला:

"गुरुजीची छाती खोलली, डाक्टर पाहे आत,
काळीज नाही सापडलं, लाल पेन आला हातात!
बेशुद्धीतही गुरुजी म्हणे, थांब जरासा बे,
चिठ्ठीत तुह्या सतरा चुका, आधी सुधरून घे!"

पुढचे हसले. त्यांनी मागच्यांना सांगितलं, मग मागचे हसले. त्यामुळे हशा दोनदा आला. दुसऱ्या हशात पुतण्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

मी खुर्चीतून उठलो. काठी तिथंच राहिली. पुढं जाऊन खिशातला गूळ काढला, तर संध्याकाळभर चाचपून चाचपून तो वितळला होता आणि कागदाला घट्ट चिकटला होता. सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. शेवटी कागदाच्या तुकड्यासकट तो चाचाच्या तोंडात घातला. त्यानं गूळ चघळला, कागद जिभेनं बाहेर काढला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"येवढा पघळला म्हंजे कवाची वाट पाहून राह्यले होते."

"हाव," मी म्हणालो.